लायटरमध्ये सेल नसतो

शेजारच्या आजी परवा गॅसचा लायटर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "याचा सेल तेवढा बदलून दे." हा समज अनेक घरांत आहे. त्यांच्यासमोरच मी तो लायटर उघडला, तेव्हा आत एक दणकट स्प्रिंग, छोटी हातोडी आणि बोटाच्या पेराहून लहान असा, चिनी मातीसारखा दिसणारा एक दंडगोल निघाला. सेल नव्हताच.

अंगठ्याने खटका दाबताना स्नायूंमधील रासायनिक ऊर्जा खर्च होऊन स्प्रिंगमध्ये स्थितिज ऊर्जा साठते. खटका ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की स्प्रिंग सुटते आणि हातोडी त्या दंडगोलावर आदळते. 'टक्' असा आवाज येतो तो या आघाताचाच. हा दंडगोल लेड झिर्कोनेट टायटनेट या पदार्थाचा असतो. त्याच्या सूक्ष्म स्फटिकांत धन आणि ऋण प्रभारांची केंद्रे एकमेकांपासून किंचित सरकलेली असतात आणि कारखान्यात तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवून हे सरकणे बव्हंशी एकाच दिशेला वळवलेले असते. त्यामुळे आघाताने दंडगोल जरासा दबला की ही केंद्रे आणखी हलतात आणि त्याच्या दोन टोकांवर विरुद्ध प्रभार प्रकट होतात. हा प्रभार अगदी थोडा असतो. पण दंडगोलाची प्रभार धरून ठेवण्याची क्षमता त्याहूनही तोकडी असल्यामुळे दोन टोकांमधील विभवांतर कित्येक हजार व्होल्टपर्यंत चढते. एक मिलिमीटर हवा भेदून ठिणगी पडायला साधारण ३,००० व्होल्ट लागतात.

ठिणगीतील ऊर्जा ज्यूलच्या काही हजारांश भागाएवढीच असते, परंतु हवेत योग्य प्रमाणात मिसळलेला गॅस पेटायला त्याहूनही कमी ऊर्जा पुरते. पेटल्यावर मात्र एक किलो गॅसमधून सुमारे ४ कोटी ६० लाख ज्यूल, म्हणजे विजेच्या जवळजवळ १३ युनिटांएवढी उष्णता मिळते.

दाबातून वीज निर्माण होण्याचा हा परिणाम पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या, म्हणजे आपल्या गारगोटीसारख्या, स्फटिकांत दाखवून दिला. याच्या उलटही घडते: वीज दिली की स्फटिक आकार बदलतो, आणि म्हणूनच क्वार्ट्झ घड्याळातील चिमुकला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. स्फटिकाचे कडे घातल्याने 'सकारात्मक ऊर्जा' मिळते, असे सांगून ती कडी महागात विकणारे लोक याच गुणधर्माचा दाखला देतात, हे मला फार खटकते. स्फटिक ऊर्जा निर्माण करत नाही; दाबाने दिलेल्या ऊर्जेतील काही भाग तेवढा विजेच्या रूपात परत करतो.

आजींच्या लायटरचे दुखणे पावसाळ्याचे होते. टोकाशी तेलकट थर आणि ओल साचल्यामुळे प्रभार ठिणगी पडण्याआधीच त्या ओलीतून वाहून जात होता. कोरड्या फडक्याने टोक पुसून लायटर थोडा वेळ उन्हात ठेवला, आणि तो पुन्हा पेटवू लागला.