सहयोगी ज्ञानकोश : अभ्यवेक्षण व राजकीय कल

अनेकांनी मिळून आंतरजालावर लिहिलेल्या ज्ञानकोशातील मजकूर रोखणे, वगळणे किंवा एका बाजूला झुकवणे. ‘अभ्यवेक्षण’ हा शासकीय पर्याय. बोलण्यात सेन्सॉरशिपच चालते. प्रमुख उदाहरण विकिपीडियाचे (इंग्रजी आवृत्ती १५ जानेवारी २००१, मराठी १ मे २००३). मराठी विश्वकोशात नोंदीखाली लेखकाचे नाव असते, त्यामुळे कल कोणाचा हे कळते. विकिपीडियावर तो ‘इतिहास’ पानावरील (लेखातील प्रत्येक बदलाची नोंद) शेकडो बदलांत विखुरलेला असतो, आणि बदल करणारा बहुधा टोपणनावाने वावरतो.

तटस्थ दृष्टिकोन, पडताळणीयोग्य संदर्भ व स्वतःचे संशोधन न मांडणे हे मूळ दंडक. वाद लेखाच्या चर्चा पानावर, न मिटल्यास चावडीवर (सर्व संपादकांच्या सामायिक चर्चेच्या पानावर) जातो. प्रचालक (विशेष अधिकार असलेला संपादक) लेख सुरक्षित, म्हणजे इतरांच्या बदलांसाठी बंद, करू शकतो. संपादक थोडे असले की हे अधिकार मूठभरांच्या हाती राहतात. क्रोएशियन विकिपीडियावर सुमारे दशकभर अतिउजव्या प्रचालकांचे वर्चस्व होते, असे विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनच्या २०२१ च्या अहवालात नोंदले आहे. तरीही कल शिरतो तो मुख्यतः संदर्भांच्या निवडीतून. प्रचालकाची दांडगाई निदान दिसते. संदर्भाची निवड दिसत नाही.

सोलापूरच्या नावाची व्युत्पत्ती हे त्याचे चांगले उदाहरण. ‘सोळा गावांचे पूर’ ही उपपत्ती आंतरजालावर सर्वत्र आढळते आणि तिला जिल्हा गॅझेटियरचा आधार असल्याने ‘संदर्भ हवा’ हा आधार मागणारा शेरा तिच्यावर टिकत नाही. मात्र सोळा गावांच्या यादीत आदिलपूर, अहमदपूर, फतेपूर, मुहम्मदपूर ही नावे आहेत. यादी बहमनी काळाच्या अलीकडची असावी. शिवाय तिच्यात ‘सोलापूर’ आणि ‘सोनलगी’ ही दोन्ही नावेही मोजली आहेत, म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरले आहे. दुसरे मत बाराव्या शतकातील शिवयोगी सिद्धेश्वरांशी निगडित ‘सोन्नलगे’ या नावाचे. मोहोळ तालुक्यातील कामती येथील शके १२३८ च्या संस्कृत शिलालेखात ‘सोनलीपूर’, तर सोलापूरच्या किल्ल्यातील एका शिलालेखात ‘सोनलपूर’ आणि तेथीलच विहिरीवरील लेखात ‘संदलपूर’ असे रूप येते. (शके १२३८ म्हणजे इ. स. १३१६ चा सुमार. शक आणि सन यांची गल्लत केली की शिलालेख ७८ वर्षे मागे सरकतो.) सोन्नलगे–सोनलपूर–सोलापूर ही साखळी अभ्यासकांना अधिक ग्राह्य वाटते आणि ध्वनिदृष्ट्याही ती सरळ आहे.

हा वाद निव्वळ भाषाशास्त्राचा राहत नाही. सिद्धेश्वरांची वचने कन्नडमध्ये आहेत, महाराष्ट्र–कर्नाटक सीमावादावरील महाजन आयोगाने (१९६७) अक्कलकोट व दक्षिण सोलापूरचा भाग कर्नाटकाला सुचवला होता, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाच्या तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी या भागावर पुन्हा हक्क सांगितला. अशा वेळी लेखाच्या पहिल्या वाक्यात ‘सोन्नलगे’ लिहिणे एकाला इतिहास वाटते, दुसऱ्याला दावा. संपादक मग बिनवादाचा म्हणून ‘सोळा गावे’ हाच पर्याय ठेवतात. शिलालेख बाजूला पडतो तो असा, कोणी बंदी न घालता. ज्या शहराच्या पूर्व भागात तेलुगूही सर्रास बोलली जाते, तेथे ही ओढाताण दोनच भाषांत व्हावी हेही जरा विचित्रच.

दुसरे उदाहरण १९३० चे. गांधीजींच्या अटकेनंतर ८ मे रोजी सोलापुरात गोळीबार झाला, लोकक्षोभापुढे अंमलदार हटले आणि १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला. मधले सरकारी अंमल नसलेले दिवस ९, १० व ११ मे, म्हणजे तीन. लोकव्यवहारात मात्र ‘चार दिवसांचे स्वातंत्र्य’ रूढ आहे. ८ किंवा १२ तारीख धरल्याने किंवा चार हुतात्म्यांच्या संख्येच्या प्रभावाने तो आकडा आला असावा. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे व श्रीकिसन सारडा यांना पोलिसांच्या हत्येच्या आरोपावरून १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी दिली गेली. ‘दंगल’, ‘उठाव’ की ‘स्वराज्य’ हा शब्द कोणी निवडायचा, येथेच कल ठरतो. सरकारी कागद ‘दंगल’ म्हणतात. तेव्हाची देशी वृत्तपत्रे एप्रिल १९३० च्या प्रेस वटहुकमाच्या कात्रीत होती आणि लोकांच्या आठवणींचा मोठा भाग छापलाच गेला नाही. छापील संदर्भालाच मान देणारा नियम अशा ठिकाणी जुन्या अभ्यवेक्षणाचा वारसा नकळत पुढे चालवतो.

विकिपीडियाला बाहेरून होणारा अटकाव : तुर्कस्तानात २९ एप्रिल २०१७ ते १५ जानेवारी २०२० बंदी, चीनमध्ये एप्रिल २०१९ पासून सर्व भाषांतील आवृत्त्या बंद (सोलापुरात जन्मून चीनमध्ये वारलेल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांवरील लेख त्यामुळे तेथे सहज उघडत नाही). भारतात फेब्रुवारी २०२५ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांवरील इंग्रजी लेखावरून महाराष्ट्र सायबर विभागाने मजकूर हटवण्यास सांगितले व संपादकांवर गुन्हा नोंदवला. एएनआय या वृत्तसंस्थेच्या बदनामीच्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाच्या आदेशामुळे ऑक्टोबर २०२४ मध्ये खटल्याविषयीचे पानच काढावे लागले. सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश ९ मे २०२५ रोजी रद्द केला.