ब्लँकेट निमुळते का होते?

क्रोशाचे पहिलेच ब्लँकेट वर जाता जाता अरुंद होऊ लागले की ‘अजून हात बसलेला नाही, टाके घट्ट पडतात’ असे निदान घरोघरी केले जाते आणि शिकणारी व्यक्ती बिचारी हात सैल सोडत राहते. हे निदान बहुतेक वेळा चुकीचे असते, कारण खरा घोटाळा ओळीच्या दोन टोकांना, टाक्यांच्या संख्येत असतो.

खांबांची, म्हणजे सुईवर दोरा एकदा गुंडाळून विणलेल्या उंच टाक्यांची, ओळ संपवून काम उलटवल्यावर आपण ज्या तीन साखळ्या घालतो, त्याच सहसा नव्या ओळीतला पहिला खांब मानल्या जातात. म्हणून लगतचा खांब सोडून पुढच्यात सुई घालायची असते आणि ओळीच्या शेवटी मागच्या ओळीतल्या त्या तीन साखळ्यांच्या माथ्यावरही एक खांब विणायचा असतो. हा शेवटचा खांब काठात दडलेला असल्याने नेमका तोच सुटतो. दर ओळीला एक सुटला तर १२० खांबांचे काम २० ओळींत १०० वर येते. उलट, पहिल्या खांबातही विणले तर ब्लँकेट पसरत जाते.

घट्ट हाताचा दोष वेगळा दिसतो: पायाची साखळी, म्हणजे जिच्यावर पहिली ओळ विणतात ती, आवळली जाऊन फक्त खालचा काठ ओढला जातो, आणि तेवढ्या साखळीपुरती अर्धा ते एक मिलिमीटर जाड सुई घेतली की तो जातो.

शेवटच्या खांबाची जागा चुकू नये म्हणून काम उलटवल्यावर घातलेल्या साखळ्यांपैकी तिसरीत वेगळ्या रंगाचा दोरा अडकवून ठेवावा आणि सुरुवातीच्या ओळी तरी कंटाळा न करता मोजाव्यात.