शेंडीच्या कोंबड्यांचे संगोपन (विदर्भ)

डोक्यावर मांसल तुऱ्याच्या मागे पिसांचा दाट झुपका असणाऱ्या कोंबड्यांना शेंडीच्या कोंबड्या म्हणतात. नेदरलँड्समध्ये जोपासलेली पोलिश, फ्रान्समधील हूदाँ, १८५४ मध्ये तुर्कस्तानातून इंग्लंडात गेलेली सुलतान, स्वित्झर्लंडमधील अपेनझेलर आणि चीनमधील रेशमी पिसांची सिल्की या जाती त्यांत प्रसिद्ध आहेत. विदर्भातील गावरान कळपांतही लहान शेंडीची कोंबडी मधूनमधून आढळते. मात्र गावरान कोंबडी दिवसभर सांदवाडीत (घरामागच्या मोकळ्या जागेत) चरून पोट भरते, तशी मोकळीक पोलिश किंवा सिल्कीला देणे येथे धोक्याचे ठरते. त्याची कारणे या पक्ष्यांच्या डोक्याच्या रचनेत व पिसांत आहेत.

पोलिशसारख्या मोठ्या शेंडीच्या जातींत कवटीचा वरचा भाग घुमटासारखा उचललेला असतो व त्या उंचवट्यातील हाड अनेकदा जाळीदार, सच्छिद्र राहते. चार्ल्स डार्विन यांनी १८६८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कवट्यांचे वर्णन केले आहे. पिल्लू अंड्यातून बाहेर येते तेव्हाच त्याच्या डोक्यावर लवेची गुंडी दिसते; तिच्याखालील भाग नाजूक असल्याने इतर पिल्लांची चोचही तेथे इजा करू शकते. अशी इजा झालेला पक्षी मान वाकडी करतो, गोल फिरतो किंवा मागे कोसळतो. राणीखेत, म्हणजेच मानमोडी, या रोगातही मान वळते, त्यामुळे दोन्हींतील फरक ओळखणे महत्त्वाचे आहे. इजा सहसा एकट्या पक्ष्याला होते. मानमोडीत कळपातील अनेक पक्षी एकदम सुस्तावतात, हिरवट हगतात व त्यांना श्वास घेणे जड जाते. मानमोडीची लस इतर कोंबड्यांप्रमाणेच पहिल्या आठवड्यात आणि पुढे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने पुन्हा द्यावी लागते.

दाट शेंडी डोळ्यांवर येते आणि पक्ष्याला समोरचे व वरचे फार थोडे दिसते. शिकरा किंवा घार झेपावली तरी त्याला कळत नाही. मुंगूस व रानमांजर यांचेही तो सोपे भक्ष्य ठरतो. म्हणून वरून जाळी घातलेले वेगळे आवार हवे. कुंपणाला पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा ताटवा चालतो, पण खालच्या हातभर भागात बारीक जाळी लावलेली बरी. माणसाने जवळ जाताना आधी आवाज द्यावा, कारण अचानक हात लागल्यास पक्षी बिथरून भिंतीवर आदळतो. दाणा-पाण्याची जागाही वारंवार बदलू नये. प्रदर्शनात न्यायचा पक्षी नसेल तर डोळ्यांभोवतीची पिसे बोथट टोकाच्या कात्रीने कापावीत, हे काम दोघांनी मिळून करावे. नवीन वाढणाऱ्या पिसाच्या निळसर देठात रक्त असते, ते कापल्यास रक्तस्राव होतो. त्यामुळे पूर्ण वाढलेली पिसेच कापावीत. याच रक्ताच्या आकर्षणाने गावरान आणि विशेषतः असील (झुंजीच्या जातीच्या) कोंबड्या शेंडी टोचून डोके बोडके करतात. शेंडीच्या व या कोंबड्या एका खुराड्यात ठेवू नयेत, असे स्पष्ट सांगावेसे वाटते.

पावसाळ्यात भिजलेली शेंडी ही दुसरी मोठी अडचण. विदर्भाच्या पूर्व भागात, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीकडे, पाऊस जास्त असतो. तेथे शेंडीत चिखल बसतो, डोळे चिकटतात व पिलांना गारठा भरतो. सिल्कीची पिसे एकमेकांत अडकत नसल्याने पाणी थेट कातडीपर्यंत पोहोचते, आणि तिला उडताही येत नाही. तिच्यासाठी कोरडी, तुसाची जमीन व अगदी बुटका दांडा असावा. उघड्या परळातून पाणी पिताना शेंडी व दाढी भिजते. त्याऐवजी अरुंद कडेचे, उलट्या बाटलीचे भांडे किंवा निपल (चोच लावल्यावर थेंब सोडणारी तोटी) वापरावे. उवा शेंडीच्या बुडाशी लिखांचे पांढरे पुंजके करतात. पिसे बाजूला सारून आठवड्याला पाहणी करावी, छपराखाली राख व कोरडी माती ठेवावी. उवांवर औषध दिल्यास सात ते दहा दिवसांनी ते पुन्हा द्यावे लागते, कारण लिखांतून नवीन उवा निघतात. कीटकनाशक पूड डोळ्यांजवळ टाकू नये.

उन्हाळा याहून कठीण असतो. कोंबडीला घाम येत नाही. ती धापा टाकून आणि तुरा व गलोल (चोचीखाली लोंबणारे मांसल लोळे) यांतून उष्णता बाहेर टाकते. पोलिशचा तुरा लहान, इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचा असतो, सिल्कीचाही छोटा; त्यात दाट पिसे. नागपूर, चंद्रपूर परिसरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेव्हा टिनाचे छप्पर घातक ठरते. कवेलूचे छप्पर, त्यावर पऱ्हाटी किंवा कुटाराचा थर, बाजूला ओली पोती किंवा वाळ्याच्या ताट्या, दुपारी गार पाणी आणि दाणा सकाळ-संध्याकाळी, अशी व्यवस्था लागते. डोळे मिटून पंख पसरलेला पक्षी दिसताच पाय पाण्यात बुडवून त्याला सावलीत न्यावे.

खाद्यात स्थानिक ज्वारी, मका, तांदळाची कणी व सोयाबीन ढेप चालते. कच्चे सोयाबीन देऊ नये, त्यातील घटक पचनात अडथळा आणतात. सरकीच्या ढेपेतील गॉसिपॉल या द्रव्यामुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट पडतो.

पोलिश व हूदाँ सहसा खुडूक होत नाहीत, म्हणून त्यांची अंडी यंत्रात किंवा दुसऱ्या कोंबडीखाली घालावी लागतात. सिल्की मात्र उत्तम रवण बसते. कोंबडीची अंडी ती २१ दिवस उबवते आणि बदकाची पिल्लेही सांभाळते. तिच्या या एका गुणासाठीही ती खेड्यात पाळण्याजोगी आहे. शेंडीचे जनुक अपूर्ण प्रभावी आहे: शुद्ध पोलिश कोंबडा गावरान कोंबडीवर सोडल्यास पहिल्या पिढीत लहान शेंडीची पिल्ले होतात. त्यांना दिसते बरे आणि येथील हवाही जास्त मानवते. अशा पिल्लांचा आपसांत संकर केल्यास पुढील पिढीत मोठ्या शेंडीची, लहान शेंडीची व शेंडी नसलेली अशी तिन्ही प्रकारची पिल्ले निघतात.