स्टेअरिंगच्या पोटातला पीळ

गाडीखाली लाल तेलाचा रुपयाएवढा डाग वॉचमनकाकांना दिसला. मी वाकून स्टेअरिंग रॅकच्या टोकाचा बूट, म्हणजे रबरी आवरण, चिमटीत दाबला, तर भेगेतून तेल थेट मनगटावर ओघळलं. पॉवर स्टेअरिंगच्या रॅकचं सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, गेलं होतं.

रॅक म्हणजे दात पाडलेला लांब दांडा. स्टेअरिंगच्या खालच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, त्याला डावी-उजवीकडे सरकवतं आणि दोन्ही टोकांना जोडलेल्या सळया, म्हणजे टायरॉड, चाकं वळवतात. एवढं साध्या स्टेअरिंगमध्येही असतं. खरी गंमत पिनियनच्या वर असते. तिथे एक बारीक पोलादी सळई असते, टॉर्शन बार. आपण स्टेअरिंग फिरवतो, पण टायर रस्त्याला धरून बसलेला असतो, म्हणून आधी सळईच काही अंश पिळते. त्या पिळाने भोवतालच्या व्हॉल्व्हची वाट उघडते आणि पंपाचं तेल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला घुसतं. दाब ७० बार आणि पिस्टनचं क्षेत्रफळ ८ चौरस सेंटिमीटर धरलं, तर हा रेटा सुमारे ५७० किलो वजनाएवढा भरतो! चाक वळलं की पीळ सुटतो आणि रेटाही ओसरतो. पंप बंद पडला तरी गाडी वळते, फक्त दंड भरून येतात.

फ्रान्सिस डेव्हिस या अमेरिकन इंजिनिअरने १९२६ मध्ये हे पॉवर स्टेअरिंग गाडीवर चालवून दाखवलं. विक्रीच्या कारमध्ये यायला मात्र १९५१ उजाडलं. आताच्या बहुतेक गाड्यांत तेलाऐवजी मोटर असते, पण पिळणारी सळई तिथेही आहे. तिचा पीळ सेन्सर मोजतो.

सील मेलं ते बुटामुळे. फाटक्या बुटातून पावसाळ्यातलं साचलेलं पाणी आत जातं, दांड्यावर गंज धरतो आणि प्रत्येक वळणाला तो खरखरीत गंज सीलची रबरी कड खातो. बूट स्वस्त, रॅक महाग. मुंबईत दर जूनच्या आधी बूट बघायला हवा, हे मला जुलैत सुचलं.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून रिकंडिशन केलेला रॅक आणला आणि रविवारी मेहुण्याला हाताशी घेतलं. गाडी घोडीवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर चढवली. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नये. चाकं सरळ करून स्टेअरिंग सीटबेल्टने बांधून टाकलं. रॅकपासून सुटल्यावर ते मोकळं फिरलं, तर आतली एअरबॅगची गुंडाळलेली पट्टी तुटते. टायरॉड एंड काढताना आटे मोजले, सतरा. तेलाचे पाइप सोडताना मेहुण्याचा शर्ट गेला, त्याबद्दल बहिणीकडून जे ऐकलं ते वेगळं.

नव्या रॅकमध्ये तेल भरल्यावर हवा काढावी लागते. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते; बुडबुडे राहिले की पंप कण्हत राहतो. इंजिन बंद, पुढची चाकं अधांतरी, आणि स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश. मेहुणा तेलाच्या डब्यात डोकावून ओरडायचा, “अजून येतायत!” वीसेक फेऱ्यांनंतर बुडबुडे थांबले.

बरोबर सतरा आटे परत बसवूनही गाडी सरळ जाताना स्टेअरिंग जरा डावीकडे राहत होतं. नव्या रॅकचे रॉड जुन्याशी केसभर जुळत नव्हते. अलाइनमेंटवाल्याने एका बाजूला अर्धा आटा आत घेतला, दुसऱ्या बाजूला अर्धा बाहेर.