फेंगशुई

फेंगशुई म्हणजे घर, इमारत, गाव किंवा कबर कुठल्या जागी आणि कुठल्या दिशेला तोंड करून असावी हे ठरवायची जुनी चिनी पद्धत. फेंग म्हणजे वारा आणि शुई म्हणजे पाणी. जमिनीतून, डोंगरातून, घरातून 'ची' नावाची प्राणशक्ती वाहते आणि माणसाने तिच्या वाटेत नीट जागा निवडली तर घराण्याचं भलं होतं, ही यामागची मूळ समजूत. ही ची मोजता येत नाही, ती आहे याला वैज्ञानिक पुरावा नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पण या समजुतीवर चीनमध्ये गावं वसली, राजवाडे बांधले, रेल्वेला विरोध झाला, त्यामुळे नुसतं खोटं म्हणून सोडून देण्यासारखाही हा विषय नाही.

सुरुवात मेलेल्यांपासून

या विद्येचा सगळ्यात मानलेला जुना ग्रंथ घरांबद्दल नाहीच, तो दफनाबद्दल आहे. ग्वो फू (२७६–३२४) या विद्वानाच्या नावावर तो सांगितला जातो, प्रत्यक्षात तो नंतर कुणीतरी लिहिला असावा असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. त्यातलं मुख्य सूत्र असं की ची वाऱ्याने उधळली जाते आणि पाण्याच्या काठाशी येऊन थांबते, म्हणून वारा अडलेला आणि पाणी जवळ असलेली जागा शोधायची. अशा जागी पूर्वजांची हाडं ठेवली की त्याचा फायदा मुलानातवंडांना मिळतो. कबरीला 'यिन घर' म्हणतात आणि जिवंत माणसांच्या घराला 'यांग घर', नियम दोन्हीकडे जवळपास तेच. चांगली जागा मिळेपर्यंत शवपेटी महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षं न पुरता ठेवायची आणि जागेवरून भावाभावात भांडणं व्हायची, हे चीनमध्ये अनेक शतकं चाललं.

यातल्या काही खुणा तर ग्रंथाच्याही खूप आधीच्या आहेत. हेनान प्रांतात पुयांगजवळ १९८७ मध्ये एक ६००० वर्षांहून जुनी कबर सापडली, त्यात सांगाड्याच्या एका बाजूला शिंपल्यांनी मांडलेला ड्रॅगन आणि दुसऱ्या बाजूला वाघ होता, पूर्वेला ड्रॅगन आणि पश्चिमेला वाघ, म्हणजे आजचे फेंगशुईवाले सांगतात तसंच. तेवढ्यावरून फेंगशुई ६००० वर्षं जुनी आहे असं म्हणणं जरा जास्तच होईल, पण दिशांची ही जोडी तेवढी जुनी आहे हे खरं.

चार प्राणी आणि डोंगर

फेंगशुईच्या दोन मोठ्या शाखा आहेत, एक जमिनीचा आकार बघणारी आणि दुसरी होकायंत्र बघणारी. आकार बघणारी शाखा थांग राजवटीच्या शेवटच्या काळातल्या यांग युनसोंग या फेंगशुई तज्ज्ञाच्या नावाशी आणि जिआंगशी प्रांताशी जोडलेली आहे. यात डोंगररांग म्हणजे ड्रॅगन, तिच्यातून ची खाली उतरत येते, आणि जिथे ती साठते तो बिंदू शोधणं हेच तज्ज्ञाचं काम. आदर्श जागा म्हणजे मागे उंच डोंगर (काळं कासव), डावीकडे जरा उंच टेकडी (निळा-हिरवा ड्रॅगन), उजवीकडे त्याहून बुटकी टेकडी (पांढरा वाघ) आणि पुढे मोकळी जागा, पाणी आणि लांबवर एखादी छोटी टेकडी (लाल पक्षी). थोडक्यात पाठ आणि दोन हात असलेली खुर्ची, ज्यात बसून समोरचं सगळं दिसतं. घर दक्षिणेकडे तोंड करून असलं की डावी बाजू आपोआप पूर्व होते.

आता हे उत्तर चीनच्या हवामानात ठेवून बघा. हिवाळ्यात सैबेरिया-मंगोलियाकडून बोचरा वारा येतो, तो मागचा डोंगर अडवतो, आणि दक्षिणेचं ऊन पुढच्या अंगणात येतं. नदीचंही तसंच, नदीने वळण घेतलं असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला घर शुभ, बाहेरच्या बाजूला अशुभ, आणि बाहेरचा काठच पुरात खचतो हे कुठल्याही नदीकाठच्या शेतकऱ्याला माहीत असतं. सरळ जोरात वाहणारं पाणी वाईट, वळणावळणाने येणारं चांगलं. या भागात मला तरी अनुभवाचं शहाणपण जास्त दिसतं, पुढे होकायंत्राकडे गेलो की ते पातळ होत जातं.

डोंगर नसेल तर काय? बांधायचा. बीजिंगचा राजवाडा (फॉरबिडन सिटी) १४०६ ते १४२० मध्ये सपाट जमिनीवर उभा राहिला, तेव्हा खंदकाची माती उपसून उत्तरेला जिंगशान नावाची टेकडी रचली, ती साधारण ४५ मीटर उंच आहे, आणि आत दरवाजासमोरून वळण घेणारा पाण्याचा कालवा नेला. आन्हुई प्रांतातलं होंगत्सुन हे गाव तर बैलाच्या आकारात कल्पिलेलं आहे, टेकडी म्हणजे डोकं, झाडं म्हणजे शिंगं, पूल म्हणजे पाय, मधलं अर्धचंद्राकृती तळं पोट आणि घराघरासमोरून फिरणारे पाण्याचे पाट म्हणजे आतडी. २००० साली शेजारच्या शीदी गावासोबत ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं.

बीजिंगच्या जुन्या चौसोपी घरात (सिहेयुआन) मुख्य खोल्या उत्तरेला, तोंड दक्षिणेला, मध्ये अंगण, आणि दरवाजा मात्र मधोमध न ठेवता आग्नेय कोपऱ्यात. दारातून आत गेलं की समोर एक आडवी भिंत, तिला वळसा घालूनच अंगणात जाता येतं. भुतं सरळ रेषेत चालतात म्हणून ती भिंत, असं लोक सांगतात. रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही हा फायदा वेगळाच.

होकायंत्र आणि आकडे

दुसरी शाखा लुओपान वापरते. चौकोनी पाटावर फिरणारी गोल तबकडी, मध्ये चुंबकसुई, तिच्याभोवती वर्तुळांमागून वर्तुळं, आणि वाचायला दोन लाल दोरे आडवे-उभे ताणलेले. सगळ्यात महत्त्वाचं वर्तुळ 'चोवीस डोंगर', प्रत्येक १५ अंशांचा. पाट दाराला समांतर धरायचा, लोखंडी गेट आणि गाडीपासून लांब उभं राहायचं, नाहीतर सुई फसते. चिनी परंपरेत ही सुई दक्षिण दाखवते असं म्हणतात, उत्तर नाही. चीनमध्ये चुंबकसुई आधी जागा बघणाऱ्यांच्या हातात होती आणि मग जहाजांवर गेली असं मानलं जातं. १०८८ च्या सुमारास शेन ख्वो या चिनी विद्वानाने नोंदवलंय की सुई नेमकी दक्षिणेला न जाता जराशी पूर्वेकडे झुकते. लुओपानवर मूळ वर्तुळापासून ७.५ अंश सरकवलेली आणखी दोन वर्तुळं असतात, त्यांचा संबंध काहीजण या झुकण्याशी जोडतात.

यापुढे गणित सुरू होतं. 'आठ घरं' पद्धतीत जन्मवर्ष आणि लिंग यावरून माणूस पूर्व गटाचा की पश्चिम गटाचा ते काढतात आणि त्याच्या चार शुभ दिशा सांगतात, वर्ष मात्र १ जानेवारीला नाही तर ४ फेब्रुवारीच्या आसपास बदलतं. 'उडते तारे' पद्धतीत १ ते ९ आकड्यांचा जादूचा चौकोन (कुठूनही बेरीज १५) घराच्या नकाशावर मांडतात, तो घर कधी बांधलं यावर बदलतो. काळाचे २० वर्षांचे नऊ टप्पे धरतात, मिळून १८० वर्षं, आठवा टप्पा २००४ ते २०२३ होता आणि २०२४ पासून नववा, अग्नीचा, चालू झालाय. त्यामुळे शेजारी शेजारी एकाच दिशेला तोंड करून असलेल्या दोन इमारतींचं भविष्यही वेगळं निघू शकतं, आणि सल्लागाराला दर वीस वर्षांनी नवं काम मिळतं ते वेगळंच.

घराच्या आत

समोरच्या दारातून थेट मागचं दार दिसू नये, ची आत येऊन निघून जाते. पलंग किंवा टेबल असं ठेवायचं की दार दिसेल पण आपण दाराच्या रेषेत नसू. पाय दाराकडे करून झोपायचं नाही, मेलेल्याला तसं बाहेर नेतात. डोक्यावर बीम नको, पलंगासमोर आरसा नको, शेगडी आणि सिंक चिकटून नको कारण आग आणि पाणी भांडतात. रस्ता सरळ येऊन घरावर आदळत असेल तर तो 'शा', म्हणजे मारक प्रवाह, आणि तिथे भिंतीत 'शी-गान-दांग' कोरलेला दगड बसवतात. आठकोनी बागुआ आरसा बाहेरच्या बाजूलाच लावायचा, घरात नाही.

सुतारांचीही एक पट्टी आहे, लू बान या दंतकथेतल्या सुताराच्या नावाची. साधारण ४२.९ सेंटिमीटरची, तिचे आठ भाग, चार शुभ आणि चार अशुभ, दाराची रुंदी शुभ भागात यायला हवी. आजही हाँगकाँग-तैवानमध्ये ही मापं छापलेल्या स्टीलच्या टेप मिळतात, लाल शुभ आणि काळं अशुभ.

भारतात काय आलं

आपल्याकडे जे पोचलं ते बरंचसं अमेरिकेमार्गे. तिथे लिन युन या फेंगशुई शिक्षकाने १९८० च्या दशकात होकायंत्र बाजूला ठेवून दारापासून नऊ कोपरे मोजायची सोपी पद्धत पसरवली, पैशाचा कोपरा, नात्याचा कोपरा वगैरे. मग पुण्या-मुंबईच्या गिफ्ट शॉपमध्ये त्या कोपऱ्यात ठेवायच्या वस्तू आल्या. हसरा बुद्ध हा गौतम बुद्ध नाही, तो बुदाई नावाचा दहाव्या शतकातला पोटसुटा भिक्षू, ज्याला चिनी लोक मैत्रेयाचा, म्हणजे पुढे येणाऱ्या बुद्धाचा, अवतार मानतात. लकी बांबू हा तर बांबूच नाही, ती मध्य आफ्रिकेतली ड्रॅसिना आहे. वास्तुशास्त्राशी याची सरळ टक्कर होते ती दक्षिणेवरून, आपल्याकडे दक्षिणमुखी फ्लॅट स्वस्तात मागतात आणि चीनमध्ये तीच दिशा सगळ्यात चांगली. तरी इथले कितीतरी सल्लागार दोन्ही एकाच बिलात देतात.

टीका, बंदी आणि हाँगकाँग

टीका काही नवी नाही. पहिल्या शतकात वांग छोंग या चिनी विचारवंताने आडनावाच्या उच्चारावरून घराच्या दाराची दिशा ठरवणाऱ्यांची खिल्ली उडवली होती. १८७६ मध्ये शांघायजवळ वूसोंगची पहिली रेल्वे चालू झाली आणि पुढच्याच वर्षी चिनी सरकारने ती विकत घेऊन उखडली, कारणं राजकीय होती पण रुळांमुळे कबरींची आणि जमिनीची फेंगशुई बिघडते ही तक्रारही त्या काळात सगळीकडे होती. माओच्या काळात फेंगशुईला सरंजामी अंधश्रद्धा ठरवून दडपलं, लुओपान जप्त झाले.

हाँगकाँगमध्ये मात्र ती उघडपणे चालू राहिली. एचएसबीसी बँकेची १९८५ ची इमारत आणि तिच्या जवळची १९९० ची धारदार कोपऱ्यांची बँक ऑफ चायना यांचं 'युद्ध' तिथे सगळ्यांना माहीत आहे, सुरीच्या पात्यासारख्या कडांना उत्तर म्हणून एचएसबीसीच्या छतावरच्या क्रेन तोफेसारख्या रोखल्यात असं लोक सांगतात. २००५ मध्ये उघडलेल्या डिस्नेलँडचं मुख्य गेट सल्ल्यावरून १२ अंश फिरवलं होतं. हाँगकाँगच्याच न्यू टेरिटरीज भागातल्या जुन्या गावांच्या मागे फेंगशुई रान ठेवलेलं असतं, ते तोडायचं नाही, आपल्या देवराईसारखंच, त्यामुळे तिथे जुनी झाडं टिकून आहेत. आणि सरकारी रस्ता किंवा पाइपलाइन अशा गावाजवळून जाणार असेल तर बिघडलेली फेंगशुई शांत करायच्या विधीसाठी, त्याला 'तुन फू' म्हणतात, गावकऱ्यांना सरकारच पैसे देतं.