पांढरी कड कशाची?

ग्लिओब्लास्टोमाचं, म्हणजे मेंदूतल्या आक्रमक कॅन्सरच्या गाठीचं ऑपरेशन झालं, सहा आठवड्यांत तीस वेळा मिळून 60 ग्रे (रेडिएशनच्या मात्रेचं एकक) रेडिएशन झालं, सोबत टेमोझोलोमाइड या केमोथेरपीच्या गोळ्या झाल्या. मग पहिला एमआरआय. गाठ काढलेल्या जागेभोवती पांढरी कड चमकतेय. नातेवाइकांचा प्रश्न ठरलेला: “परत आली का हो?” आणि त्या एका फिल्मवरून देता येणारं प्रामाणिक उत्तर असतं, “आत्ताच सांगता येत नाही.”

कारण तो पांढरा रंग गाठीचा नसतोच. तपासणीच्या वेळी शिरेतून गॅडोलिनियमचं औषध देतात. निरोगी मेंदूतल्या रक्तवाहिन्या ते बाहेर झिरपू देत नाहीत. गाठीच्या कच्च्या, घाईत वाढलेल्या वाहिन्या गळतात. रेडिएशनने दुखावलेल्या वाहिन्याही गळतात. छतावर ओल दिसते, पण गच्ची गळतेय की वरच्यांचा पाइप फुटलाय, हे नुसत्या डागावरून कसं कळणार?

रेडिएशननंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत अशी कड वाढून पुढे आपोआप ओसरते, असं बऱ्याच रुग्णांत दिसतं. म्हणून मेंदूची गाठ उपचारांना कशी दाद देतेय हे ठरवणाऱ्या 2010 च्या ‘रानो’ निकषांनी 12 आठवड्यांचा संयम घालून दिला: या काळात नवी चमक रेडिएशनच्या मुख्य क्षेत्राबाहेर असेल किंवा बायोप्सीत सिद्ध झाली असेल, तरच आजार वाढला म्हणायचं. रेडिएशनने पेशी मरण्याचा प्रकार, म्हणजे नेक्रोसिस, मात्र कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही उगवतो. तिथे वाट बघणं पुरत नाही.

मग डाग सोडून पुरवठ्याकडे बघायचं. वाढत्या गाठीला रक्त भरपूर लागतं, मेलेल्या भागाला कशाला लागेल? परफ्युजन एमआरआय त्या जागेतल्या रक्ताचं प्रमाण मोजून मेंदूच्या दुसऱ्या बाजूशी ताडून बघतो. हा हिशोबही चुकू शकतो. औषध गळत असलं की आकडे हलतात, ऑपरेशनच्या जागी जुनं रक्त साचलेलं असलं तरी हलतात. स्पेक्ट्रोस्कोपी, म्हणजे त्या जागेतली रसायनं मोजणारी एमआरआयचीच तपासणी. तिच्यात पेशींच्या आवरणाशी निगडित कोलीन चढलेलं दिसलं तर गाठीचा संशय बळावतो. नुसतं लिपिड-लॅक्टेट उठून दिसलं तर नेक्रोसिसचा.

पेटस्कॅनमध्ये किरणोत्सारी खूण लावलेला पदार्थ देऊन तो कुठे शोषला जातो ते बघतात, पण त्यातली नेहमीची साखर इथे तोकडी पडते. मेंदू वजनाने शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण ऊर्जा खातो वीस टक्के. त्या खादाडाशेजारी गाठीची भूक उठून दिसत नाही. म्हणून साखरेऐवजी अमिनो आम्ल देतात. निरोगी मेंदू ते फारसं घेत नाही, गाठ घेते. यातलं किरणोत्सारी कार्बन-11 लावलेलं मिथिओनिन वीस मिनिटांत निम्मं होतं, त्यामुळे ही किरणोत्सारी द्रव्यं बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, जवळ असेल तिथेच ते वापरता येतं. फ्लोरिन-18 लावलेलं एफईटी हे दुसरं अमिनो आम्ल निम्मं व्हायला सुमारे 110 मिनिटं घेतं, म्हणून दुसऱ्या गावीही पाठवता येतं.

एवढं करूनही संशय उरला तर बायोप्सी. पण सुईच्या टोकाला येतो इवलासा तुकडा, आणि त्यात अनेकदा दोन्ही सापडतं: मेलेला भाग, आणि त्यातच तग धरून राहिलेल्या गाठीच्या पेशी.