तिन्याँ

तिन्याँ : अमेरिकेतील लुइझियानामधील, विशेषतः न्यू ऑर्लीन्स शहरातील, कृष्णवर्णीय व मिश्रवंशीय स्त्रियांचे शिरोवस्त्र. स्थानिक उच्चार ‘तियाँ’. मानेवरील अंबाड्याला फ्रेंचमध्ये ‘शिन्याँ’ म्हणतात. त्याच शब्दाचे हे रूप असावे.

चौकोनी कापडाची तिरकी घडी कपाळावरून मागे नेतात, टोके मानेशी एकमेकांवरून फिरवून पुढे आणतात आणि गाठ मारतात किंवा टोके आत खोवतात. कापड पुष्कळदा चौकटीचे सुती ‘मद्रास’ असे. कोरोमंडल किनाऱ्यावरून निर्यात होणाऱ्या रुमालांवरून हे नाव पडले. कॅरिबियन समुद्रातील मार्तिनिक, ग्वादलूप या बेटांवरील स्त्रियाही तेच डोक्याला बांधत.

तिन्याँची सक्ती कायद्याने झाली, असे सर्रास सांगितले जाते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लुइझियाना स्पेनच्या ताब्यात होते. स्पॅनिश कायद्यानुसार गुलामांना ठरलेली किंमत भरून स्वतःची सुटका करून घेता येई. त्यामुळे स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांची संख्या वाढली. त्या कमावू लागल्या, नटू लागल्या. २ जून १७८६ रोजी गव्हर्नर एस्तेबान मिरो याने हुकूम काढून त्यांना केसांत पिसे व दागिने घालण्यास मनाई केली. त्यांचे अतिरिक्त नटणे हा गैरवर्तनाचा पुरावा मानला जाईल, असेही त्यात बजावले होते. मात्र केस साधे ठेवावेत किंवा ‘रिवाजाप्रमाणे’ रुमाल बांधावा, असा मूळ स्पॅनिश मजकुराचा आशय आहे. म्हणजे रुमाल आधीपासून रूढ होता. हुकुमाने तिन्याँ जन्माला घातला या समजापेक्षा, आधीच्या वेशाला त्याने हीनतेची खूण बनवू पाहिले, हे मत अधिक ग्राह्य वाटते. नटलेली कृष्णवर्णीय स्त्री चारित्र्यहीनच असणार, हा पूर्वग्रह या हुकुमाने सरकारी भाषेत उतरवला, आणि त्यातला अन्याय सौम्य शब्दांत सांगता येणार नाही.

स्त्रियांनी रुमाल बांधला, पण उंच, रंगीत आणि डौलदार. फ्रांस्वा फ्लाइशबाइन याच्या १८३७ च्या ‘बेट्सी’ या व्यक्तिचित्रातील स्त्रीने तिन्याँ बांधला आहे आणि ती थेट पाहणाऱ्याकडे बघते. त्या नजरेत ओशाळलेपण नाही. १८०३ मध्ये प्रदेश अमेरिकेकडे गेल्यावरही ही प्रथा टिकली.

पुढे जाहिरातींनी हाच रुमाल लठ्ठ, हसतमुख ‘मॅमी’ या साच्यातील मोलकरणीच्या डोक्यावर बसवला. १८८९ मध्ये सुरू झालेल्या पॅनकेक-पिठाचे व्यापारचिन्ह ‘आन्ट जेमायमा’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, ‘ब्लॅक इज ब्युटिफुल’ (काळे ते सुंदर) या चळवळीच्या काळात, कृष्णवर्णीय स्त्रियांनी नैसर्गिक केस आणि शिरोवस्त्र दोन्ही अभिमानाने पुन्हा आपलेसे केले. केसांच्या नैसर्गिक ठेवणीवरून होणाऱ्या भेदभावास मनाई करणारा ‘क्राउन’ कायदा प्रथम २०१९ मध्ये कॅलिफोर्नियात झाला. लुइझियानात २०२२ मध्ये.